हाव

नवतपाचा तिसरा दिवस.
मानेवाड्यात तिसऱ्या माळ्यावर, खिडकीबाहेर,
शिडीवर मी,
कूलरच्या पोटात कोपरापर्यंत हात.
मागच्या वर्षीचा वाळा कुजून काळा पडलेला,
पंपाच्या जाळीत क्षार, अन् एक वाळलेली पाल.

मनगटावर घड्याळ थरथरलं.

घड्याळ तसं माझं नाही.
बेशातल्या एका पोरानं नवं घेतलं, जुनं मले देऊन टाकलं.
म्हणे, गुणवंता भाऊ, तुमचे हात कधी रिकामे राह्यतात?
याच्याशी नुसतं बोलाचं,
ते लिहून पाठवते.
म्या मजुरीत दोनशे कमी घेतले.

पण त्याले आपली बोली शिकवलीच नाही कोणी.
"काऊन" म्हटलं का "कौन" लिहिते,
"येऊन राह्यलो" म्हटलं का "येऊन रहा इलो".
हेडाऊ काकूले म्या सांगतलं, मोटर जळली,
त्यायच्या फोनवर गेलं, मोठं जळलं.
काकू बादली घेऊन गच्चीवर.

तवापासून शाळेत गुरुजीपुढे उभं राहून बोलावं
तसा बोलतो मी त्याच्याशी.
मी. पाच. वाजता. येणार. आहे.
बायको सैपाकघरातून विचारते,
कोणाशी भांडून राह्यले?

आज नाव उमटलं, वामन.
तीन उन्हाळे झाले त्याचं नाव कुठी उमटलं नव्हतं.
दिघोरीच्या प्लॉटची मोजणी झाली त्या सांजेला
फाटकात उभं राहून म्हणाला होता,
तुले हाव सुटली, दादा.
आपल्याइकडे हाव म्हणजे हो.
बाप हाव म्हणे, माय हाव म्हणते,
दुकानदार सुट्टे देताना हाव हाव करते.
त्यानं नेमका पुस्तकातला काढला.

घड्याळावर लिहिलं होतं:
आईच्या खोलीतला कूलर बंद आहे. येतो का?

हात वाळ्यात, नाकानं माइक दाबला.
घड्याळ ऐकू लागलं.
मले बोलाचं होतं, आता आठवली का.
मले बोलाचं होतं, ताप-गिप तर नाही ना तिले.
मले बोलाचं होतं, यंदा चाळीस कूलर लावले,
गल्लीगल्लीतल्या म्हाताऱ्याईले गार केलं,
अन् एका खिडकीवरून गाडी हळू करून निघून गेलो
दोनदा.
यातलं एकही गुरुजीच्या भाषेत बसेना.
खाली कुल्फीवाल्याची घंटी. उन्हात लोखंड तडतडे.
टाकी कोरडी. मी वळून आत ओरडलो,
ताई, पाणी सोडा!

टिक.
गेलं.

ताई तेवढी गाळली त्यानं.
वामनले गेलं: पाणी सोडा.

शिडीवरून पडतो का काय वाटलं.
तीन वर्षं वकिलाच्या पायऱ्या झिजवून
जे कोणी तोंडावर म्हणालं नाही
ते या चकतीनं दोन शब्दांत म्हणून टाकलं,
तेही शुद्ध.

त्याचं उत्तर लगेच नाही आलं.
म्या एक ताटी बसवली. दुसरी वाकडी बसली, काढली.
मग थरथरलं.
कशावर सोडू?

हसू आलं मले. तो हसत होता का चिडला होता,
अक्षरावरून कसं कळणार.
नाक टेकवून सांगतलं,
अरे, कूलरमदी. कामावर हावो.
त्यानं लिहिलं, कुलर मध्ये कामावर हवा.
बराच वेळ वामन टाइप करून राह्यला होता,
थांबत होता, पुन्हा करत होता.
शेवटी एवढंच:
बरं. येतो का मग?

"हाव," म्हटलं.
गुरुजीचा आवाज नाही काढला.
घड्याळानं लिहिलं, हाव.
एकही अक्षर चुकलं नाही त्याचं.
अन् मीच पाहत बसलो त्या शब्दाकडे,
घामाचा थेंब काचेवर पडून
तो मोठा दिसत होता.
पाठवू? ते विचारे.
पुसून 'येतो' म्हणता आलं असतं.
नाक टेकवलं.

ताई आतून म्हणाल्या, भाऊ, हवा तर गरमच येऊन राह्यली.
म्हटलं, थांबा.
वाळा आधी भिजू द्या.